नागपूरवरून धावणारा कवडसा

मनीषनगरच्या एका ताईंनी विचारलंय. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास त्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या. सहावीतली लेक सोबत होती. ईशान्येला, "समोरच्या नारळाच्या बरंच वर", एक तारा दिसू लागला. बघता बघता तो शुक्रापेक्षा ठळक झाला, किंचित सरकला आणि चार-पाच सेकंदांत विझून गेला. आवाज नाही, लुकलुक नाही. सासरे म्हणाले, तारा तुटला. लेकीला ते पटलं नाही. आता तिला जाणून घ्यायचंय की ते काय होतं, पुन्हा दिसेल का आणि वेळ आधी कळू शकते का.

ताई, तुमच्या लेकीची शंका योग्य आहे. तुटता तारा, म्हणजे उल्का, बहुतेक वेळा सेकंदभरात सुर्रकन रेघ ओढून जातो. हळूहळू उजळणं, क्षणभर लखलखणं आणि तितक्याच हळू मावळणं ही उपग्रहाच्या चकाकीची खूण आहे. आकाश पाहणारे तिला 'फ्लेअर' म्हणतात. विमान असण्याची शक्यता मी आधी तपासून पाहिली. सोनेगाव विमानतळाची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे, त्यामुळे उतरणाऱ्या विमानाचे समोरून येणारे दिवे मनीषनगरच्या ईशान्येला असे स्थिर दिसण्याची शक्यता कमी. शिवाय विमान वळलं की त्याचे लाल-हिरवे दिवे आणि लुकलुक लगेच उघडी पडते. तुमच्या वर्णनात त्यातलं काहीच नाही.

ही चकाकी समजून घ्यायला दुर्बीण लागत नाही, घरातला आरसा पुरतो. लहानपणी शाळेच्या भिंतीवर आपण सगळ्यांनी कवडसा पाडलाय. येत्या रविवारी लेकीकडून हाच खेळ जरा मोजमाप करून खेळून घ्या. आरशावर कागद चिकटवा आणि मध्ये दोन सेंटिमीटरची चौकोनी फट ठेवा. आधी दोन हातांवरच्या भिंतीवर कवडसा पाडा. तो फटीएवढाच, चौकोनी दिसेल. मग गच्चीच्या पार टोकाच्या, साधारण वीस मीटरवरच्या भिंतीवर पाडा. आता तो वीतभर रुंद आणि गोल झालेला असेल. फट चौकोनी असून कवडसा गोल का, हे लेकीला स्वतः सुचू द्या. लांब पडलेला कवडसा हे सूर्याचंच चित्र असतं. सूर्याची तबकडी आपल्याला अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे दर शंभर-एकशेदहा मीटरला कवडसा मीटरभराने पसरतो. मात्र रस्त्यावरच्या गाडीवाल्यांच्या डोळ्यांवर तो जाऊ देऊ नका.

हाच हिशोब आकाशात लावा. उपग्रहाचा एखादा सपाट, चकचकीत भाग तुमच्यापासून हजार किलोमीटरवर आहे. तिथून पडणारा कवडसा जमिनीवर सुमारे नऊ किलोमीटर रुंद होतो. नागपूर शहराचा बराच भाग त्याखाली येतो, पण सगळं शहर नाही. आणि हा कवडसा एका जागी थांबत नाही. उपग्रह पळतो तसा तोही जमिनीवरून सेकंदाला सहा-सात किलोमीटरने पळतो. कामठीवरून निघालेला कवडसा सहाएक सेकंदांत बुटीबोरी गाठतो. तो तुमच्या गच्चीवरून जातो तेवढ्याच वेळात तुम्हाला उपग्रहात सूर्य दिसतो. पूर्ण तेज सेकंद-दीड सेकंदाचं. त्याआधीचं उजळणं आणि नंतरचं मावळणं यासाठी की उपग्रहाचा पत्रा आपल्या घरच्या आरशासारखा चोख नसतो, थोडा उजेड आजूबाजूला सांडतो.

आम्ही हे सगळं शिकलो ते इरिडियम उपग्रहांवर. उपग्रह-फोनसाठीचे हे उपग्रह १९९७ पासून वर जाऊ लागले. सुरुवातीला ७७ उपग्रहांची योजना होती आणि इरिडियम मूलद्रव्याचा अणुक्रमांक ७७, त्यावरून हे नाव पडलं. प्रत्यक्षात ताफा ६६ चा झाला. ते ७८० किलोमीटर उंचीवरून जवळजवळ उत्तर-दक्षिण फिरायचे. प्रत्येकाला दाराच्या फळीएवढे तीन चकचकीत अँटेना होते. महत्त्वाचं म्हणजे उपग्रहाची बैठक सतत एकसारखी ठेवलेली असायची. आरसा कुठल्या कोनात आहे ते पक्कं माहीत, म्हणून कवडसा कधी, कुठे आणि किती तेजाचा पडणार हे सेकंदापर्यंत काढता यायचं. सगळ्यात ठळक फ्लेअर -८ प्रतीपर्यंत जायचे. प्रतीचा आकडा जितका खाली तितकं तेज जास्त. शुक्र साधारण -४ ते -४.५, म्हणजे -८ ची चकाकी शुक्राच्या पंचवीस ते चाळीस पट.

तेव्हा बर्डीवरच्या सायबर कॅफेत जाऊन आम्ही हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावरून आठवड्याचं वेळापत्रक छापून आणायचो. घड्याळ आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर लावायचो. शेवटच्या लांब ठोक्याला बटण दाबायचं, की घड्याळ सेकंदावर आलं. मग गच्चीवर उभं राहून उलटी मोजणी. शून्याला समोरच्या कोऱ्या आकाशात दिवा लागल्यासारखं व्हायचं, तेव्हा शेजारच्या गच्चीवरची माणसंसुद्धा "अरे बाप्पा!" म्हणून उठायची. एका हिवाळ्यात काळोख चांगला मिळेल म्हणून आम्ही आठ-दहा जण रामटेकला गेलो. यादीत -७ चा फ्लेअर होता. ठरल्या सेकंदाला, ठरल्या जागी साध्या ताऱ्याएवढा एक ठिपका आला आणि गेला. त्याच वेळी धंतोलीत माझ्या भावाने घराच्या गच्चीवरून तो असा पाहिला की परतल्यावर तास-दोन तास तो तेच सांगत होता. यादी नागपूरसाठी काढलेली होती आणि आम्ही तिथून पन्नास किलोमीटरवर उभे होतो. कवडसा नागपूरवरून गेला आणि आमच्या वाट्याला त्याची कड आली. त्या रात्रीपासून मी जागेचे अक्षांश-रेखांश घातल्याशिवाय कुठलंही वेळापत्रक वापरत नाही.

ते दिवस संपले. २०१७ ते २०१९ या काळात इरिडियमचे नवे उपग्रह वर गेले. त्यांना तसे चकचकीत अँटेना नाहीत. जुने उपग्रह एकेक करून खाली आणून वातावरणात जाळले गेले. त्यांतले बंद पडलेले काही अजून वर आहेत, पण ते गडगडत फिरतात, त्यामुळे आरशाचा कोन कोणालाच आधी सांगता येत नाही. लेकीच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. तिने पाहिली तशी एकटीदुकटी चकाकी आज सेकंदाच्या बोलीवर सांगता येत नाही. मात्र घडून गेल्यावर ती कुणाची होती हे बऱ्याचदा शोधता येतं आणि काही चकाक्यांची वाट ठरवून बघता येते.

शोधण्यासाठी माझ्या हातात तीन गोष्टी लागतात. पहिली वेळ. "सव्वासहाच्या सुमारास" एवढ्यावर भागत नाही, कारण मिनिटाभरात उपग्रह साडेचारशे किलोमीटर जातो. काही दिसलं की सगळ्यात आधी मोबाइलचं घड्याळ बघायचं किंवा कुठलाही फोटो काढायचा, अगदी काळ्या आकाशाचा आला तरी चालेल. फोटोच्या माहितीत सेकंदासकट वेळ नोंदली जाते. घरच्यांना हाका त्यानंतर. दुसरी दिशा, आणि तिसरी उंची. नारळाचं झाड दोन पावलं मागे सरकलं की बुटकं होतं, म्हणून ते माप उपयोगाचं नाही. हात ताठ समोर धरा आणि मूठ वळा. ती मूठ आडवी दहा अंश भरते, करंगळीचं टोक एक अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जा. साधारण नऊ मुठींत डोक्यावर पोचाल. मुलांचे हात लहान असतात पण मूठही लहान असते, त्यामुळे त्यांचंही माप जमतं. आजच गच्चीवर उभं राहून तो तारा जिथे पाहिला तिथपर्यंत लेकीला मुठी मोजायला लावा. हा आकडा आठवणीतूनही बराच खरा निघतो. वेळेचं तसं नाही.

आता ठरवून काय बघता येईल ते सांगतो. सगळ्यात आधी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. त्यात हुकण्यासारखं काही नाही. चारशे-सव्वाचारशे किलोमीटर उंचीवरून ते साधारण दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारतं. चांगल्या फेरीत ते शुक्राच्या तोडीचं दिसतं आणि पाच-सहा मिनिटं सलग दिसतं. ते नेहमी पश्चिमेच्या बाजूने वर येतं. त्याला स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे अंधार झालेला असताना तिथे वर अजून ऊन असतं, म्हणून ते दिसतं. त्यामुळे वेळ मर्यादित. सूर्यास्तानंतर साधारण दीड तास उलटला की डोक्यावरून जाणारं स्थानक पृथ्वीच्या सावलीत असतं. पहाटेही तोच हिशोब, सूर्योदयाआधीचा दीड तास. कधीकधी ते मध्य आकाशातच सावलीत शिरतं. तेव्हा नीट बघा. पांढरा ठिपका आधी पिवळट, मग तांबूस होतो आणि काही सेकंदांत नाहीसा होतो. स्थानकावरचा सूर्यास्त आपण खालून बघत असतो. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला वर होते तेव्हा मला कितीतरी जणांनी फेऱ्यांच्या वेळा विचारल्या, पण नागपुरात त्या दिवसांत ढग. पाच-सहा प्रयत्नांत एकदाच दीड मिनिट मोकळं आकाश मिळालं.

फेरीचं वेळापत्रक हेवन्स-अबव्हवर मिळतं. तिथे जागा म्हणून २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व घाला. तुम्ही शहराबाहेर असाल तर तिथले आकडे घाला. वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे ना ते तपासा, नाहीतर साडेपाच तासांची चूक होते. वेळापत्रक त्याच दिवशी दुपारी काढा. स्थानकाची उंची अधूनमधून इंजिन चालवून वाढवतात, त्यामुळे आठवड्यापूर्वीची वेळ सरकलेली असू शकते. चीनचं तियानगाँग स्थानकही तिथेच सापडेल. ते थोडं मंद, पण साध्या डोळ्यांना चांगलं दिसतं.

उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकचं प्रकरण वेगळं आहे. २०१९ च्या मे महिन्यात पहिले ६० उपग्रह एकदम सोडले तेव्हापासून "आकाशात आगगाडी गेली" असे फोन येतात. प्रक्षेपणानंतरचे काही दिवस ते एकामागे एक रांगेत असतात, ती ही गाडी. पुढे ते ५५० किलोमीटरच्या आसपास चढून पांगतात आणि शहरातून साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. पण त्यांचेही फ्लेअर होतात, आणि नागपूरच्या लोकांना ते ठाऊकच नाहीत असं मला वाटतं. आकाश-निरीक्षकांना त्रास कमी व्हावा म्हणून नव्या उपग्रहांच्या तळाला आरशासारखा थर दिलाय. ऊन विखरून खाली येण्याऐवजी एकाच दिशेने दूर फेकलं जावं हा हेतू. मग ते ज्या दिशेने फेकलं जातं तिथल्या माणसाला चकाकी दिसते. आपल्याकडे ती दिशा सूर्यास्तानंतर साधारण तीन तासांनी जुळते. सूर्य जिथे मावळला त्या बाजूला, क्षितिजापासून मूठभर किंवा त्याहून खाली. एक ठिपका येतो, पाच-दहा सेकंद उजळतो, विझतो. मग जवळपास त्याच जागी दुसरा, मग तिसरा. पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो, कारण एकच वस्तू घिरट्या घालतेय असं वाटतं. मनीषनगरमधून इमारतींमुळे हे दिसणार नाही. अमरावती रोडने वाडीच्या पुढे, जिथे पश्चिमेला मोकळी शेतं आहेत, तिथे हिवाळ्यात रात्री साडेआठ-पावणेनऊच्या सुमारास उभे राहा. मे महिन्यातही आकाश निरभ्र असतं, पण क्षितिजालगत धुळीचा पडदा असतो आणि इतक्या खालचं काही दिसत नाही.

तिसरा प्रकार मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे, आणि त्याला तुमच्या गच्चीवरची डिश वाट दाखवते. डिशचं तोंड दक्षिणेला आहे, कारण टीव्हीचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर आहेत. नागपूरहून ते दक्षिणेला सहा-साडेसहा मुठी वर येतात. डिश स्वतः त्याहून खाली बघतेय असं वाटतं, पण तिची घडण तशी आहे, किरण तिरके घेते. एरवी हे उपग्रह फारच मंद. पण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत सूर्य, त्यांचे सौर पंख आणि नागपूर यांचा कोन जुळतो. मध्यरात्रीच्या आसपास ते पृथ्वीच्या सावलीत शिरतात, आणि शिरण्याच्या काही मिनिटं आधी उजळतात. ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहांसाठी मार्चमध्ये ही वेळ रात्री साडेअकरा-पावणेबाराच्या दरम्यान येते. १० × ५० ची साधी द्विनेत्री दुर्बीण तिपाईवर घट्ट बसवा, त्या जागी रोखा आणि हलवू नका. तारे एका बाजूने आत येतील आणि दुसऱ्या बाजूने सरकत निघून जातील. त्या सरकत्या ताऱ्यांत एक-दोन ठिपके जागचे हलणार नाहीत. ते उपग्रह. पंधरा मिनिटं डोळा लावून बसलं की ते उजळताना आणि मग एकाएकी मालवताना दिसतात. यासाठी मात्र काळोख हवा. आपल्या नशिबाने पेंच व्याघ्र प्रकल्प जवळ आहे. २०२४ च्या जानेवारीत त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सिलारीच्या बाजूला एक रात्र मुक्काम करून बघा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस घात करतो, म्हणून मी मार्च निवडतो.

चकाकी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा होत असेल, समजा दर सात सेकंदांनी, तर ती गडगडणाऱ्या रॉकेटच्या टप्प्याची किंवा बंद पडलेल्या उपग्रहाची. दहा लखलखाटांचा वेळ मोजून दहाने भागा. तो आकडा ओळख पटवायला फार उपयोगी पडतो.

सासऱ्यांनी तारा तुटला म्हटलं, त्यावरून २ एप्रिल २०२२ ची गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवली. तेव्हा विदर्भभर लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या तुकड्यांची रांग पाहिली होती. ती चिनी रॉकेटच्या टप्प्याची होती, आणि त्याचं भलंमोठं धातूचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात पडलं. त्या दृश्याशी तुलना करून बघायला सासऱ्यांना सांगा. तिथे मागे शेपूट होती, तुकडे होत होते आणि सगळी रांग बराच वेळ आकाशातून सरकत होती. तुमच्या ठिपक्याला शेपूट नव्हती आणि तो जेमतेम सरकला.

फोटो हवा असेल तर मोबाइल टेकवून स्थिर ठेवा आणि दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर एकामागे एक घेत राहा. हातात धरून काही येत नाही. फ्लेअरची रेघ सुताने भरलेल्या चातीसारखी येते, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती. विमानाची रेघ सारख्या जाडीची असते आणि तिच्यावर लुकलुकत्या दिव्याचे ठिपके असतात.

तुम्ही पाहिलेली वस्तू नेमकी कोणती, हे मी आज नावासकट सांगणार नाही. सव्वासहाला, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, डोक्यावरचे झाडून सगळे उपग्रह उन्हात असतात आणि त्या पंधरा मिनिटांत ईशान्येवरून जाणारे बरेच निघतील. त्या संध्याकाळी तुम्ही कपडे घेऊन खाली आल्यावर कुणाला फोन किंवा निरोप केला होता का? मोबाइलमध्ये त्याची वेळ सापडेल. त्यातून वर-खाली करण्यातली मिनिटं वजा करा, तारीख पक्की करा आणि लेकीने मोजलेल्या मुठी लिहून पाठवा. एवढ्यावरून यादी दोन-तीन नावांपर्यंत खाली येईल. मग स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत ती संध्याकाळ पुन्हा लावून, त्यातला कोणता ठिपका नारळाच्या वरून गेला हे तिला स्वतःलाच शोधू दे.